पावसाळ्याआधी गावच्या घराची लाईट: नेमकं काय करून घ्यावं?

केळशीकर_पुण्यात

नमस्कार. आमचं घर दापोली तालुक्यात, केळशीच्या बाजूला आहे. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, मागे विहीर आणि पोफळीचं आगर. आई-वडील दोघंच तिथे असतात, वडील चौऱ्याहत्तरचे. मी पुण्यात नोकरीला.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाडीतले जवळजवळ सगळे खांब आडवे झाले होते आणि लाईट यायला कित्येक आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौते किनाऱ्याजवळून गेलं. पण आमचं सगळ्यात जास्त नुकसान यांपैकी कोणत्याच वादळात झालं नाही. ते झालं गेल्या मे महिन्यातल्या एका वळवाच्या पावसात. वारा सुटला, लाईट मंद झाली, मग एकदम लखलखीत. पंखा नेहमीपेक्षा जोरात फिरायला लागला, ओटीवरचा बल्ब फुटला. बाबा उठून मेन स्विचपर्यंत पोचले तोवर फ्रिज, टीव्ही आणि इन्व्हर्टर तिन्ही गेले होते. त्या वेळी विजा चमकत होत्या, त्यामुळे गावातल्या वायरमनने सांगितलं की वीज पडली, घरावर लाइटनिंग अरेस्टर, म्हणजे वीज जमिनीत नेणारी सळई, बसवा. मामा म्हणतात स्टॅबिलायझर घ्या. मेहुणे म्हणतात मोठा इन्व्हर्टर घ्या.

सध्याची स्थिती अशी. मीटर ओटीवर. त्याच्या पुढे लाकडी फळीवर दोन किटकॅट फ्यूज. माजघर आणि स्वयंपाकघरात जुनं लाकडी पट्टीवरचं वायरिंग, मागच्या दोन खोल्या नंतर बांधल्या तिथे पाईपमधलं वायरिंग आणि एमसीबी. ईएलसीबी (वीज गळायला लागली की लाईट तोडणारा स्विच) कुठेच नाही. न्हाणीघराच्या भिंतीलगत अर्थिंगचा पाईप आहे, तो कधी घातला कुणालाच आठवत नाही. विहिरीवर सिंगल फेजचा एक एचपीचा पंप. बाबांनी आता दोन केव्हीएचा जुना पेट्रोल जनरेटरही घेतलाय. शेजारच्या घरी दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर सरळ प्लगमध्ये घालतात, तसंच करायचा त्यांचा विचार आहे.

माझ्याकडे साधारण चाळीस हजार रुपये आहेत आणि मे संपायच्या आत काम उरकायचंय. कशावर आधी खर्च करू?

---

जुना वायरमन

आधी जनरेटरचं. ती दोन्ही टोकांना पिन असलेली वायर वडिलांना आजच फोन करून कापून टाकायला सांगा. का ते नंतर लिहितो, पण हा एक फोन आधी करा.

आता तुमचं गेल्या वर्षीचं नुकसान. लाईट मंद झाली, मग लखलखली, पंख्याचा वेग वाढला, आणि वडील उठून मेनपर्यंत चालत जाईपर्यंत हे सगळं चालूच होतं. विजेचा धक्का तारेतून येतो तेव्हा तो सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्यात येऊन जातो. पंखा वेग घेईपर्यंत तो थांबत नाही. तुमच्याकडे न्यूट्रल तुटला होता, किंवा वाऱ्यात हलून सैल झाला होता. मी दापोली, मंडणगड, गुहागर या पट्ट्यात आयुष्यभर वायरिंगची कामं केली. वादळात 'वीज पडून' जळालेली म्हणून जी घरं बघायला गेलो, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी हाच प्रकार निघाला. म्हणून जरा सविस्तर लिहितो. हे समजलं तर पैसे योग्य जागी जातील.

डीपीवरून, म्हणजे वाडीच्या ट्रान्सफॉर्मरवरून, वाडीत तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा येतात. कोणत्याही फेजमध्ये आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट. तुमचं घर एका फेजवर, शेजाऱ्याचं दुसऱ्या फेजवर, न्यूट्रल दोघांचा एकच. नारळाची झावळ पडून तो न्यूट्रल तुटला की तुमचं घर आणि शेजाऱ्याचं घर ४०० व्होल्टवर एकापुढे एक जोडल्यासारखी होतात. मग ते व्होल्टेज लोडप्रमाणे वाटलं जातं. शेजाऱ्याचा पंप आणि गिझर चालू असेल तर त्याच्याकडे व्होल्टेज कोसळतं, दिवे मिणमिणतात. तुमच्याकडे चार एलईडी आणि टीव्हीच असेल तर तुमच्याकडे ते तीनशे, साडेतीनशेवर सहज चढतं. फ्यूज उडत नाही, कारण फ्यूज करंट बघतो, व्होल्टेज नाही. एमसीबीचंही तेच.

लाइटनिंग अरेस्टर इथे काहीच करत नाही. स्टॅबिलायझर एका फ्रिजपुरता, आणि बहुतेक घरगुती स्टॅबिलायझर साडेतीनशे व्होल्टसाठी बनवलेले नसतात. मोठा इन्व्हर्टर घेतलात तर पुढच्या वेळी मोठा इन्व्हर्टर जळेल.

याला उपाय म्हणजे मेन बोर्डात मीटरनंतर बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. एमसीबीच्याच पट्टीवर बसतो, पुढे आकडा दाखवतो. वरची मर्यादा २७० आणि खालची १७० ते १८० अशी लावा. व्होल्टेज बाहेर गेलं की तो घर तोडतो, आणि पुन्हा ठीक झाल्यावर लगेच न जोडता दोन-तीन मिनिटं थांबून जोडतो. वादळात लाईट दहा वेळा येते-जाते, तेव्हा फ्रिजचा कॉम्प्रेसर या थांबण्यामुळेच वाचतो. तुमच्या यादीत हा पहिला.

दुसरं, आणि माझ्या मते याच्याच तोडीचं, अर्थिंग. आपल्याकडची जमीन जांभ्याची. पावसाळ्यात ती भिजलेली असते, पण एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत होते आणि वीज मुरवून घेत नाही. आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच पडतात. म्हणून अर्थिंगचं माप मे महिन्यात घ्यायचं, ऑगस्टमध्ये घेतलेलं माप सगळ्यांचंच चांगलं येतं. वायरमनकडे अर्थ टेस्टर नसेल तर तो ज्याच्याकडे आहे असा माणूस दापोलीहून बोलवा. नुसता टेस्ट लॅम्प लावून 'अर्थिंग आहे' म्हणणं पुरेसं नाही, शंभर वॉटचा बल्ब अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंटवर पेटतो.

आकडा किती हवा ते गणिताने सांगतो. समजा अर्थिंगचा रोध २० ओहम निघाला. फ्रिजच्या आत फेज सुटून पत्र्याला लागला, तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. त्या लाईनवर १६ अँपिअरचा एमसीबी आहे, तो कधीच पडणार नाही. फ्रिजचा पत्रा तसाच चालू राहील आणि तुमची आई ओल्या पायांनी त्याचं दार उघडेल. जांभ्यात पाच ओहमच्या खाली आणणं कष्टाचं आहे, पण आणलं तरीसुद्धा मोठे एमसीबी लगेच पडतीलच असं नाही. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, ज्याला सगळे ईएलसीबी म्हणतात, तो हवाच. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो ०.३ सेकंदांच्या आत तोडतो. अर्थिंग वीस ओहमचं असलं तरी तो काम करतो. कोकणातल्या ओल्या घरात याच्याशिवाय मी माझ्या नातवंडांना राहू देणार नाही.

नवा अर्थ न्हाणीघराजवळ नको. आगरात शिंपण्याचं पाणी जाऊन बारमाही ओल राहते अशी जागा बघा. तिथे अडीच-तीन मीटरचा इलेक्ट्रोड उभा उतरवा, एकाने आकडा आला नाही तर तेवढंच अंतर सोडून दुसरा घालून दोन्ही जोडा. मीठ-कोळसा जुनी पद्धत आहे, चालते, पण मिठाने लोखंड खातं आणि आपल्याकडे हवेतच खार आहे. बेंटोनाइट मातीचं तयार मिश्रण मिळतं, ते भरा. पाईप शाबूत आणि क्लँपचा नटबोल्ट गंजून तुटलेला, असं मी फार ठिकाणी बघितलंय. तो सांधा डोळ्यांना दिसेल असा ठेवा आणि दर मेमध्ये उघडून घासा.

किटकॅट काढून टाका. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा दोन पोलचा मेन लावा. वादळानंतर घाईघाईत खांबावर जोडण्या होतात, फेज-न्यूट्रल उलटे होऊ शकतात. एकाच पोलचा स्विच असेल तर तुम्ही बंद केलेलं घर प्रत्यक्षात चालूच असतं. मीटर आणि त्याच्या अलीकडचं काम महावितरणचं, त्याच्या सीलला हात लावायचा नाही.

आता सर्ज प्रोटेक्टर. घ्या, पण वरचं सगळं झाल्यावर. विजेचा धक्का जमिनीत ढकलणं हे त्याचं काम. जमीनच घेत नसेल तर तो कुठे ढकलणार? टाइप २ चा घ्या, आपल्याकडच्या लाईनला फेज-न्यूट्रल आणि न्यूट्रल-अर्थ असे दोन वेगळे भाग असलेला, आणि खराब झाल्यावर खिडकीचा रंग बदलणारा. त्याच्या वायरी अर्ध्या मीटरपेक्षा लांब नकोत. वायरमन सुबकपणासाठी वायरीला वेटोळी देतात, इथे ती देऊ द्यायची नाहीत. आरसीसीबीच्या आधी बसवायचा.

घरावर सळई लावावी का? आगरात घरापेक्षा उंच माड आहेत. सळई लावायची तर तिच्यासाठी वेगळी जाड पट्टी खाली आणून वेगळं चांगलं अर्थिंग करावं लागतं, आणि तरी ती टीव्ही-फ्रिज वाचवत नाही, घर वाचवते. चाळीस हजारांत ती बसवून बाकीचं सोडलंत तर मला वाईट वाटेल.

---

दिवेआगरची

वायरमनकाकांनी सगळं लिहिलंच आहे. मी निसर्गमध्ये इथेच होते, त्यामुळे लाईट गेल्यानंतरचं सांगते.

पाणी पहिलं. आम्ही सगळे पंपावर अवलंबून आणि विहिरीचा रहाट कधीच काढून टाकलेला. वादळाचा इशारा आला की सकाळीच टाकी, पिंपं, हंडे, सगळं भरून घ्यायचं. तुमच्या विहिरीवर रहाट किंवा निदान कप्पी लावायची सोय ठेवा. खर्च फार नाही.

दुसरं, इन्व्हर्टरचा हिशोब. दुकानदार सांगतो ते तास खरे धरू नका. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. प्रत्यक्षात अकराशे-बाराशे मिळतात, जुनी असेल तर त्याहून कमी. जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. तीन एलईडी आणि एक बीएलडीसी पंखा धरून साठ वॉट झाले तर अठरा-एकोणीस तास. जुने दोन पंखे लावलेत तर रात्र कशीबशी निघते. आणि लाईट आठवडाभर आलीच नाही तर बॅटरी कुठून भरणार? तेव्हा मोठा इन्व्हर्टर घेण्यापेक्षा आई-बाबांचे दोन पंखे बदला आणि एक छोटं सोलर पॅनल चार्ज कंट्रोलरसकट बॅटरीला जोडून घ्या. आमच्याकडे नंतर तेच केलं. दिवे आणि मोबाइल यांची चिंता राहत नाही.

एक विनंती. वादळ गेल्यावर बाबांना आगरात एकट्याने जाऊ देऊ नका. पडलेल्या पोफळींच्या ढिगाखाली तारा असतात, दिसत नाहीत. ओली पोफळ वीज वाहते. सगळं शांत झालंय, लाईट तर नाहीच आहे, असं समजून माणसं कोयती घेऊन जातात, आणि तेवढ्यात कुठेतरी लाईन चार्ज होते. आमच्या इथे आम्ही ठरवूनच टाकलं की लाइनमन येऊन 'बंद आहे' म्हणेपर्यंत तारेजवळचं झाड कुणी उचलायचं नाही.

---

सौर_छत_चिपळूण

सोलरबद्दल थोडं. छतावरची नेट मीटरवाली सिस्टीम घेतली म्हणजे वादळात लाईट राहील असा अनेकांचा समज असतो. ग्रिड गेली की तो इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्याला धोका नको म्हणून तो तसाच बनवलेला असतो. लाईट गेल्यावर चालायला हवं तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. आणि छतावरचं पॅनल निखळून लोंबत असेल तर दिवसा त्याच्या वायरीत डीसी असतोच, मेन बंद केला तरी. हात लावू नका.

आणि आमच्या चिपळूणचं. २२ जुलै २०२१ च्या पुरात ज्यांचे बोर्ड पाण्याखाली गेले त्यांच्यातल्या काहींनी ऊन पडल्यावर वाळले म्हणून मेन चालू केला. तसं करू नये. आत गाळ राहतो. बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी फेकून द्यायचे, वायरिंग मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) तपासायचं, मग एकेक लाईन चालू करायची. केळशीच्या घरात पूर येत नसला तरी इन्व्हर्टर-बॅटरी जमिनीवर ठेवू नका. एका कठड्यावर घ्या.

---

केळशीकर_पुण्यात

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांशी बोललो, ती वायर कापली.

वायरमनकाका, काही शंका. एक, गावातला वायरमन म्हणतो ईएलसीबी बसवला तर पावसाळ्यात सारखा पडेल, म्हणून कुणी बसवत नाही. दोन, तो असंही म्हणाला की न्यूट्रल गेला तर घाबरू नका, तो अर्थिंगवरून न्यूट्रल देऊन लाईट चालू करून देईल, आमच्याकडे आधीही दिली होती. हे बरोबर आहे का? तीन, खांबापासून घरापर्यंतची वायर दोन माडांच्या मधून येते. चार, जनरेटर मग जोडायचा कसा?

---

जुना वायरमन

वायर कापली हे वाचून बरं वाटलं.

अर्थिंगवरून न्यूट्रल: कधीही नाही. हे कोकणात सर्रास चालतं आणि यानेच माणसं मरतात. पंप चालला, फ्रिज चालला की तो सगळा करंट अर्थच्या पाईपमधून जमिनीत जातो. अर्थ वीस ओहमचा असेल आणि घरात पाच अँपिअर चालू असतील तर अर्थच्या वायरीवर शंभर व्होल्ट उभे राहतात. ती वायर फ्रिजच्या पत्र्याला, मिक्सरच्या पिनला, पंपाच्या बॉडीला, गिझरच्या टाकीला, सगळ्यांना जोडलेली आहे. म्हणजे ज्या वायरीने माणसाला वाचवायचं तिनेच घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूत वीज सोडली. दिवे छान लागलेले असतात, म्हणून कुणाला संशयही येत नाही. आधी दिली होती म्हणताय, तर आत्ता ती जोडणी तशीच राहिलेली नाही ना, हे पहिल्याच दिवशी तपासून घ्या. आरसीसीबीच्या पुढे, घराच्या बाजूला हा उद्योग केला तर तो लगेच पडतो, पण त्याच्या आधी, मीटरच्या बाजूला केला तर पडत नाही. 'सारखा पडतो' या तक्रारीमागे बरेचदा असंच काहीतरी निघतं.

बाकी तक्रार पूर्ण खोटी नाही. जुन्या घरात ओल असते, पट्टीवरच्या वायरीचं कापड-रबर फुटलेलं असतं, पडवीतल्या बोर्डात पागोळीचं पाणी जातं, आणि सगळी गळती मिळून तो पडतो. तो बरोबरच सांगत असतो. म्हणून एकच आरसीसीबी सगळ्या घराला लावू नका, दोन लावा. एकावर स्वयंपाकघर, फ्रिज, आतले दिवे. दुसऱ्यावर पंप, पडवी, न्हाणीघर, बाहेरचे पॉइंट. बाहेरच्या बाजूने गळती झाली तर रात्री घर अंधारात जाणार नाही. माजघरातलं पट्टीवरचं वायरिंग मात्र काढाच, नुसत्या दुरुस्तीने भागणार नाही. चाळीस हजारांत सगळं बसलं नाही तर सर्ज प्रोटेक्टर दिवाळीपर्यंत राहू द्या, वायरिंग आधी. इन्व्हर्टरचा न्यूट्रल दोन्ही भागांच्या न्यूट्रलमध्ये मिसळू देऊ नका, नाहीतर लाईट गेली-आली की आरसीसीबी विनाकारण पडेल आणि वायरमन तो काढून टाकायला सांगेल. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा आईंना दाबायला सांगा. दाबल्यावर पडला नाही तर तो मेलेला आहे.

सर्व्हिस वायर. माडांच्या झावळ्या खांबाच्या तारेकडे झुकत असतील तर पावसाळ्याआधी महावितरणकडे छाटणीसाठी लेखी अर्ज द्या, स्वतः पाडेली चढवू नका. घराकडे येणारी वायर जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) तारेच्या आधारावर हवी, ताण त्या तारेने घ्यायचा, वायरीने नाही. घरात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी तिथे गळून पडेल, मीटरमध्ये जाणार नाही. शक्य असेल तर खांबावरून जमिनीखालून आर्मर्ड केबल घेण्याबद्दल सेक्शन ऑफिसात विचारा. खर्च तुमचा असेल, पण दोन माडांच्या मधल्या वायरीची काळजी संपते.

वादळाच्या दिवशी काय करायचं ते वडिलांना कागदावर लिहून मीटरजवळ चिकटवून द्या. मोबाइल आणि बॅटरी भरून, पाणी भरून झालं की टीव्ही, फ्रिज, राउटर यांच्या पिना काढायच्या. स्विच बंद करणं पुरेसं नाही, आतली फट विजेला काहीच नाही. टीव्हीची डिशची वायरही मागून काढायची, विजेचा धक्का तिच्यातूनही येतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी ॲप तुमच्या आणि त्यांच्या दोघांच्याही फोनवर घ्या, आसपास वीज पडत असली की ते सांगतं. वारा खरोखर सुटला की मेन बंद. लाईट परत आली तरी मेन लगेच वर करायचा नाही. प्रोटेक्टर मेनच्या पुढे असेल तर मेन वर केल्याशिवाय आकडा दिसणार नाही, म्हणून मेनच्या अलीकडे एक साधा डिजिटल व्होल्टमीटर फ्यूजसह लावून घ्या. तिथे २०० ते २५० च्या मधला आकडा स्थिर दिसला, हलत नसला, की मग मेन. आकडा खालीवर नाचत असेल तर न्यूट्रल अजून सैल आहे, १९१२ वर तक्रार द्या आणि वाट बघा. वाडीत कुणाकडे तीन फेजचा पंप असेल तर त्यालाही सांगा, वादळानंतरच्या जोडणीत फेजची अदलाबदल होऊन पंप उलटा फिरतो आणि पाणी येत नाही म्हणून लोक तो खोलत बसतात.

आता जनरेटर. दोन टोकांच्या पिनेच्या वायरीत एक टोक प्लगमधून निघालं की ती उघडी पिन हातात चालू असते, ही एक गोष्ट. दुसरी त्याहून वाईट. मेन बंद करायचा राहिला तर तुमच्या जनरेटरची वीज सर्व्हिस वायरीतून खांबावर जाते. लाईन लांबवर शाबूत असेल तर सगळ्या वाडीचा लोड येऊन जनरेटर बंद पडतो. पण वादळानंतर तार मध्येच तुटलेली असते, लोड काहीच नसतो, जनरेटर आरामात चालतो आणि त्या तुटक्या तारेत २३० व्होल्ट राहतात. ती डीपीपर्यंत जोडलेली असेल तर डीपी उलट्या दिशेने काम करते आणि पलीकडच्या ११ हजारांच्या तारेवर हजारो व्होल्ट चढतात. निसर्गनंतर आपल्याकडे लांबच्या जिल्ह्यांतून लाइनमन मुलं आली होती, भर पावसात, अनोळखी वाड्यांत, खांद्यावर खांब वाहून नेत होती. त्यांनी लाईन बंद करून घेतलेली असते आणि त्या भरवशावर ते तारेला हात घालतात. आपल्या एका फ्रिजसाठी त्यांच्यातलं कुणी जाऊ नये.

म्हणून दोन पोलचा चेंजओव्हर स्विच लावा, ३२ अँपिअरचा पुरेल. एका बाजूला महावितरण, दुसऱ्या बाजूला जनरेटर, मधे बंद. दोन्ही एकदम लागूच शकत नाहीत, वडिलांना काही लक्षात ठेवायला लागत नाही. जनरेटरची बॉडी अर्थला जोडा. तुमचा पंप एक एचपीचा आहे, तो सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, तेव्हा दोन केव्हीएवर आधी फ्रिज बंद करून एकटा पंप लावायचा, टाकी भरली की पंप बंद, मग फ्रिज. तरीही पंप गुरगुरत राहिला आणि फिरला नाही तर लगेच बंद करा, वाइंडिंग जळेल. मग रहाटच बरा, ताईंनी लिहिलंय तो.

जनरेटर ओटीवर किंवा पडवीत ठेवायचा नाही, पाऊस असला तरी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नाही, कौलारू घरातसुद्धा तो साठतो. अंगणात, खिडक्यांपासून लांब, वर पत्र्याचं छोटं छप्पर करून आणि चारी बाजू मोकळ्या ठेवून बसवा.

---

केळशीकर_पुण्यात

काका, सगळं कागदावर उतरवून घेतलं. येत्या शनिवारी गावी जातोय. दापोलीहून अर्थ टेस्टरवाला ठरवलाय. जुनी अर्थ-न्यूट्रलची जोडणी राहिली आहे का ते पहिल्यांदा बघतो. मोजलेला आकडा इथेच कळवतो, एक इलेक्ट्रोड पुरेल की दोन ते तुम्ही सांगा. ताई, विहिरीच्या रहाटाचं आईला सांगितलं, जुना रहाट अजून गोठ्यात आहे म्हणाली.

---

जुना वायरमन

आकडा कळवा. मोजताना घराची अर्थ वायर इलेक्ट्रोडपासून सोडवून मोजायला सांगा, नाहीतर माप खोटं येतं. सोडवण्याआधी मेन बंद, जुनी जोडणी राहिली असेल तर त्या सांध्यावर व्होल्टेज असेल. आणि पाणी ओतून मग मोजायला देऊ नका.